नळीचं पोट

नाचणकरांची पहिली चिठ्ठी शिसपेन्सिलीत,
दुधाच्या बिलाच्या पाठीवर:
"रात्री १.१० ते ४.३५. पत्र्यावर टपटप.
मिनिटाला बावीस थेंब. कृपया बघणे."

मी बघितलं. म्हणजे खिडकीतून वाकून बघितलं.
वर माझ्या एसीची नळी, खाली त्यांच्या गॅलरीचा पत्रा,
आणि मधल्या हवेत ते बावीस.
कन्नमवार नगरातला ऑक्टोबर,
भिंतींनाही घामोळं यावं असा.
अठरातला अकरावा हप्ता नुकताच गेलेला.
बंद कोण करणार?
मी नळीच्या तोंडाला एक चिंधी बांधली,
पाणी कडेकडेनं गुपचूप उतरेल म्हणून.

दुसरी चिठ्ठी: "आता सोळा. पण जाड."

मग एका बुधवारी चिठ्ठी नाही, नाचणकरच.
दाराच्या साखळीआडून अर्धा चेहरा:
"काल रात्री आवाज नव्हता."
बरंच झालं की, मी म्हटलं.
"बरं कसं? एसी चालू होता ना?
मग पाणी गेलं कुठं?"

पाणी गादीच्या कोपऱ्यात गेलं होतं.
भिंतीच्या पोपड्यामागून, कपाटाच्या पायाला वळसा घालून,
एक्स्टेंशन बोर्डापासून चार बोटं लांब
थांबलं होतं, विचार करत.

एकतीस वर्षं महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात.
हे त्यांनी मेन स्विच पाडता पाडता सांगितलं.
यंत्राकडे त्यांनी पाहिलंही नाही.
स्टुलावर चढून नळीवरून बोट फिरवत गेले,
हिशेबनीस बेरजेवरून फिरवतो तसं,
आणि खिडकीच्या अलीकडे थांबले.
"इथं पोट सुटलंय हिला.
ज्यानं बसवली त्यानं दोन क्लिपा वाचवल्या.
उतार नाही म्हटल्यावर पाणी बसतं,
बसलं की त्याला बुळबुळ धरते.
आणि ही चिंधी कुणाची अक्कल?"

मी गप्प.

सायकलचा पंप, त्याच्या तोंडाभोवती ओलं फडकं.
ते वर, माझ्या घरात.
मी खाली, त्यांच्या गॅलरीत, बादली धरून.
चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात.
लोखंडी खाट, दोन उशा,
एकीचा अभ्रा इस्त्रीची घडी न मोडलेला.
खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली पेन्सिल.
"सोडतो!" वरून आवाज.

आधी नुसती हवा. मग एक खाकरणं.
मग वीतभर लांबीचं काहीतरी,
साबुदाण्याच्या पेजेला शेवाळ लागावं तसं,
त्यात एक झुरळाचा पाय,
आणि त्याच्या मागोमाग अडलेलं सगळं पाणी,
गार, माझ्या कोपरापर्यंत.
मी ओरडले. वर कुणीतरी हसलं.
नाचणकर हसतात हे सोसायटीत कुणाला सांगितलं
तर पुरावा मागतील.

महिन्याला अर्धी वाटी व्हिनेगर ट्रेच्या भोकात,
वीस मिनिटांनी तांब्याभर कोमट पाणी.
ॲसिड नको, तार खुपसणं तर मुळीच नको.
मधे दोन क्लिपा मी स्वतः ठोकल्या, वाकड्या,
पण पोट आत गेलं.
नळीला आणखी आठ फूट जोडून
टोक त्यांच्या बादलीत सोडलंय, आवाजच नाही.

पहिल्या रविवारी व्हिनेगर ओतते,
वास दुपारपर्यंत घरभर,
जेवणात लोणचं नसलं तरी असल्यासारखं.
खाली त्यांचा अळू कानाएवढा होता,
आता सुपाएवढा.

काल पुन्हा चिठ्ठी होती दाराच्या फटीत.
"रात्रीचं पाणी साडेसहा लिटर. अळूला चार,
उरलेलं फरशीला. नळी व्यवस्थित."
खाली पट्टीनं रेघ मारून:
"१.१० ला जाग आलीच.
थेंबाचा दोष नाही."