बेचाळीस फूट

बॅरो गावात, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत,
महिन्याच्या दर दुसऱ्या मंगळवारी
आम्ही सातजण एक जहाज उघडून बसतो.
जहाज कधी नव्हतंच.
लाकडी सांगाडा, खेळण्यांचे सुटे भाग, वरून राखाडी रंग.
सव्वीस भागांत मालिका आटोपली
आणि ताऱ्यांमधून हिंडणारं टर्नस्टोन
म्हणे कुणाच्याशा गॅरेजमध्ये ओल लागून कुजलं.

तरी त्याच्या पोटाखाली, तिसऱ्या पायाच्या मागे,
एक फुगवटा आहे.
अकराव्या भागात दिसतो, चार सेकंद.
आयरीन म्हणते, पाण्याची टाकी.
तीनशे माणसं, आंघोळ करताना एकही दिसलं नाही,
आणि कप्तानाचे केस बघा!
कॅलम एकोणीस वर्षांचा. त्याला जिथे तिथे तोफ दिसते.
पाद्रीणबाई ओल्वेन बिस्किटं फिरवता फिरवता विचारतात,
यात प्रार्थनेला जागा कुठे धरलीत?
ते एक प्रकरण दोन महिने चाललं.

गॅविथ रेडिएटरजवळ बसायचा.
एकतीस वर्षं गोदीत वेल्डर. पाणबुड्या.
त्याबद्दल चकार शब्द नाही, कागदावर सही होती.
डोरीन जेवताना विचारायची, कसा गेला दिवस?
तो म्हणायचा, मीठ दे.

पण टर्नस्टोनचं नाव काढा,
हाच माणूस भडाभडा बोलायचा.
दरवाजा सरकून भिंतीत जातो ना? मग भिंत जाड नको?
ती जाडी धरली का कुणी?
आणि कचरा? तीनशे माणसांचा कचरा?
एका मंगळवारी वही घेऊन आला.
चौथ्या भागात इंजिनवाली पोरगी
नाकापासून शेपटीपर्यंत न थांबता धावते,
तिची पावलं मोजली होती त्याने, तीन रात्री, टीव्हीच्या काचेला नाक लावून.
हिशेब निघाला :
आतलं जहाज बाहेरच्या जहाजाहून
बेचाळीस फुटांनी लांब.

सेट असतो हो तो, कॅलम हसला, प्लायवूडच्या भिंती.
गॅविथ हसला नाही.
"माझ्या हाताखालून गेली ती सगळी
आतून मोठीच होती."
आणि एकदम थांबला.
कप ठेवताना बशीत चहा सांडला त्याच्याकडून.
आपण काय बोलून गेलो, ते कळलं असावं.
पुढे कधी तो विषय निघाला नाही.

फेब्रुवारीत गेला. छातीचं दुखणं,
गोदीतल्या माणसांचं असतं तेच.

डोरीनने आम्हाला एक गुंडाळी आणून दिली.
वॉलपेपरची पाठ, त्यावर पेन्सिलीने अख्खं टर्नस्टोन.
चौदा संडास. झाडू ठेवायचं कपाट.
ओले बूट वाळत घालायची फळी.
फुगवट्यात पाण्याची टाकी, बारीक अक्षरात : आयरीनची.
आयरीन उठून बाहेर गेली, कोट न घालताच.
प्रार्थनेची जागा मात्र सापडली नाही. ओल्वेनबाईंनी दोनदा शोधली.

आणि मधोमध बेचाळीस फूट, कोरे.
चारी बाजूंनी वेल्डिंगच्या खुणा,
एकेक टाका वेगळा काढलेला.
दार नाही. नाव नाही.
"यात काय आहे?" डोरीन विचारते,
"तुम्हाला तर सांगत असेल."

नाही सांगितलं.
बहुतेकांना वाटतं, काढायचं राहून गेलं.
मला तसं वाटत नाही. कोऱ्या जागेतही
खोडरबराने कागद खरखरीत झालाय.

कॅलम सप्टेंबरपासून गोदीत जातो.
त्यानेही सही केली म्हणे कसल्या कागदावर.
मंगळवार चुकवत नाही, तोफांचं मात्र बोलत नाही हल्ली.
परवा त्याने त्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं,
"दार आहे याला."
कुठे? आम्ही सहाच्या सहाजणांनी विचारलं.
त्याने बिस्किटांचा डबा पुढे ओढला
आणि बराच वेळ
त्याचं झाकण उघडत राहिला.