सामानाचं तिकीट

माझे वडील एस्सोनो, ओकुमे मोजायचे
मिठी मारून. दोन मिठ्या. तीन मिठ्या.
ओगोवेच्या पाण्यात ओंडके वेलींनी बांधून
तराफ्यावरच रांधत, झोपत
समुद्रापर्यंत जायचे. तिथे एक माणूस
ओंडक्याच्या तोंडावर शिक्का ठोकायचा,
ठक्,
की झाड परदेशी झालं.
मग जहाज. मग काही वर्षांनी आमच्या शाळेत आलेली
सहा बाकं, गुलाबीसर, बुडाला चिकटवलेली चिठ्ठी,
आणि त्यांची किंमत ऐकून
बराच वेळ स्वतःची नखं बघत बसलेले वडील.

आता मी कारखान्यात. पाळी पहाटेची.
ओंडका दोन दिवस वाफेत शिजतो,
साल निघते, यंत्र त्याला दोन्ही टोकांना धरून फिरवतं
आणि पातं टेकतं.
आधी नुसत्या चिंध्या, ढलपे, फोरमनच्या शिव्या.
गोलाई जमली की मात्र
लाकूड उलगडत येतं, न तुटता,
दीड मिलिमीटर, ओलं, कोमट,
आमच्या दारातून नदीपर्यंत पोचेल एवढं.
माझं काम बघण्याचं:
गाठ, भोक, चीर, बुरशीची निळी रेघ.
खडूनं खूण. एक नंबर वर, जिथे हात फिरतो.
तीन नंबर आत, जिथे कुणी बघणार नाही.
उभा थर, आडवा थर, डिंक, दाब.
एक थर दुसऱ्याला वाकू देत नाही,
यालाच मजबुती म्हणतात.
"सातपट," हिशेबाच्या खोलीतून बिबांगबाई ओरडतात,
"ओंडक्याच्या सातपट!"
त्यातली एखादी पट
मी माझ्या पगारात अजून शोधतेय.

वडील एकदाच आले बघायला. कानांवर हात ठेवून उभे.
तीन मिठ्यांचा ओंडका चार मिनिटांत
पोटरीएवढा झाला.
"झाड कुठंय?"
मी ढिगाकडे बोट दाखवलं.
त्यांनी वरचा पापुद्रा उचलला, उजेडासमोर धरला,
पलीकडून मी दिसते का पाहिलं.
"बरं आहे. आणि तो?"
तो गाभा. तो भट्टीत जातो,
पुढच्याची वाफ करायला.
"मला दे एक."

फाटकावर पावती लागते. मी लिहिलं:
गाभा, नग एक, किंमत
आणि पुढे सुचेना.
रखवालदारानं तसंच सोडलं.

बसमध्ये ते त्याला मांडीवर आडवा घेऊन बसले,
एका हाताच्या कवेत.
किंमत शेवटी कंडक्टरनं ठरवली:
सामान, अर्धं तिकीट.