मागाहून येणारी

ब्रांदुर, तुझा फोन आला तेव्हा
मी उंदराच्या वृषणाचे काप काचपट्टीवर घेत होते,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
रिपोर्टमध्ये शून्य आहे, म्हणालास.
आणि मग हसत: अर्न्ग्रिमचं नाव लावणारा मी शेवटचा.

मी बोलले नाही. फ्रीजरची घरघर ऐकलीस तू.

इथे नळ्यांच्या आत, भिंतीलगत,
पेशी तयारीला लागलेल्या.
एका टप्प्यावर एक्स आणि वाय
कोपऱ्यात मुटकुळं करून चिडीचूप बसतात,
बाकीची गुणसूत्रं जोड्या जुळवत असताना.
माझ्या सात उंदरांत सगळं इथेच अडतं.
पुढे नळी रिकामी,
विसळून ठेवलेल्या बाटलीसारखी.

तेच जनुक वारेत जागं असतं.
काळजात नाही, मेंदूत नाही;
दोनच ठिकाणी:
एक, जे जन्मानंतर बादलीत जातं,
आणि एक, ज्याच्यावर तुम्हा पुरुषांचा एवढा ताठा.
बिघडलं की तिथे शुकशुकाट,
आणि वार मात्र फुगते, सुटलेल्या कणकेसारखी.

आपण वारेला फिल्ग्या म्हणतो, मागाहून येणारी.
जन्मभर सोबत करणाऱ्या भुतालाही तेच नाव.
जुनी माणसं ती उंबऱ्याखाली पुरत म्हणे;
उघड्यावर पडली तर
जे जनावर पहिलं ओलांडेल त्याचं रूप घेई.
तुझी हुसाविकच्या दवाखान्याने जाळली.
म्हणून हा असा, आई म्हणायची, बिनसोबतीचा.
आणि केवढी होती! नऊशे ग्रॅम.
सुईणीने काटा दोनदा तपासला.

आई हे गंमत म्हणून सांगायची.
काल मी ते वहीत लिहिलं, तारखेसकट.

पुरावा नाही, ब्रांदुर, संशय आहे.
ते एक्सवर आहे. बापाने तुला एक्स दिलेलाच नाही.
नाव अर्न्ग्रिमचं लावलंस,
गाठ बसली असेल तर आईच्या धाग्यात.
आईकडे धागे दोन.
तुला जो आला
तोच मलाही आला असेल, किंवा नसेल.

माझा सोल्वी माझं नाव लावतो.
हॉलबेरूसोन. सहा वर्षांचा आहे,
आत्ता शेजारच्या खोलीत बूट शोधतोय.
तो झाला तेव्हा नर्सने विचारलं होतं,
वार बघायचीय का?
मी ग्लानीत होते. नको म्हणाले.

वजन कुठल्यातरी रजिस्टरात असेल.
मागवायचा अर्ज एका पानाचा आहे.