सात की नऊ

रात्रीचे दोन वीस. रक्तपेढीच्या फ्रिजचा काटा चारवर.
आत बी निगेटिव्हची एकच पिशवी,
वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: हर्षा मोटवानी, गुरुवार.

देवास नाक्याला डंपरखाली गेलेली स्कूटर,
हेल्मेट हँडललाच अडकवलेलं.
वय अंदाजे पंचवीस, मनगटावर पट्टी: अज्ञात चार.
पोटातलं रक्त थांबलंय,
कवटीतली सूज थांबत नाही.

फोनवर डॉक्टर बघेल.
"किबेताई, हिमोग्लोबिन आठ आहे. अजून एक द्या."
"आठ म्हणजे सातच्या वर," मी म्हणते.
"इथे भिंतीवर तुमच्याच सरांची सही आहे,
सातच्या खाली गेल्याशिवाय पिशवी नाही."
"ते बाकीच्या शरीराला चालतं, ताई.
मेंदू उधारीवर राहत नाही.
ह्याला नऊच्या वर ठेवायचंय."
"नक्की फरक पडतो?"

तो गप्प. मागे मॉनिटर बोलत राहतो.
"नक्की कुणालाच माहीत नाही.
जास्त झालं तर फुप्फुसं भरतात, तेही आहेच."

खोटं बोलला असता
तर मी नाही म्हणू शकले असते.

हर्षा नऊ वर्षांची. थॅलेसेमिया.
दर एकविसाव्या दिवशी येते,
सुई शिरताना छताकडे बघत
नौ एकम नौ, नौ दूनी अठारा.
तिलाही नऊच्या खाली जाऊ द्यायचं नसतं.
ते मात्र नक्की माहीत आहे, सगळ्यांना.

क्रॉसमॅच लावला. नळी उजेडात धरली,
गुठळी दिसावी असं वाटलं का मला?
वाटलं. एक क्षण.
गुठळी नव्हती.
चिठ्ठी सोलून काढली, डिंकाचा चौकोन राहिला.
वॉर्डबॉय पिशवी काखेत धरून पळाला,
ताज्या पावाची लादी न्यावी तसा.

आमच्या रजिस्टरात पिशवी कुठे गेली, त्याला रकाना आहे.
पुढे काय झालं, त्याला नाही.

सहा वाजता मोटवानींना फोन लावला.
"आज येऊ नका. बहुतेक शनिवारी."
पलीकडे नर्मदेचा नळ आलेला,
बादली भरत असल्याचा आवाज, मग भरून वाहिल्याचा.
"हर्षा आजकल सीढ़ी पे बीच में बैठ जाती है,"
एवढंच म्हणाले. मग विचारलं,
"किसको लगा?"

नाव अजून कळलं नव्हतं.