जर

सुरुवात फोडानं होत नाही.
आदल्या रात्री ओठाच्या उजव्या कोपऱ्यात
मुंगी चालल्यासारखं होतं,
आरशात बघावं तर काहीच नाही.
बावीस वर्षं मी त्या मुंगीला ओळखतो
आणि बावीस वर्षं म्हणतो, सकाळी बघू.

सकाळी बघितलं. जर फुटला होता.
पाण्यानं भरलेले पाच-सहा दाणे,
एकमेकांना चिकटून, घडासारखे,
तासगावच्या कुठल्याही बागेत खपून जावेत असे.

त्या दिवशी सुपारी कवठ्याची.
साडेबाराचा मुहूर्त, एप्रिल महिना,
तीन दिवस उन्हात वराती ओढलेल्या,
झोप टेम्पोत, ढोलाला टेकून.
कॉलरला जर, ओठाला जर,
असा मी नवरदेवाच्या घोड्यापुढं उभा.
ट्रम्पेट ओठाला टेकवला
आणि सूर निघाला
फाटक्या पत्र्यातनं वारा जावा तसा.

सल्ले मात्र सगळे सुरात.
भैरू म्हणाला, चुना लाव.
ड्रमवाला म्हणाला, पितळ बाधलं.
पंगतीतली एक म्हातारी म्हणाली,
कुणाच्या ताटातलं चोरून खाल्लंस रं?
मी चुना लावला.
जिथं मुंगी होती तिथं आता विंचू.

संध्याकाळी डॉक्टर शिकलगारबाईंनी
ओल्या कापसानं आधी तो चुना काढला.
म्हणाल्या, हा काल आलेला नाही वायदंडे,
लहानपणी कुणीतरी मुका घेतला असंल तुमचा,
तेव्हापासनं नसेत झोपून आहे.
मरत नाही. ऊन, ताप, जागरण,
कुणीही हाक मारली की उठतो.

कुणी घेतला असंल?
आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा.
तिचा फोटो नाही, लुगडं नाही,
आणि ह्या बाई सांगतात
नसेत काहीतरी आहे.
आत्याचाही असू शकतो तो मुका. शेजारणीचाही.
मी विचारलं नाही.

त्या लिहीत होत्या.
मुंगी चालली की लगेच गोळी,
फोडाची वाट बघायची नाही.
ओठाला उन्हाचं मलम, डोक्याला टोपी.
फोडायचा नाही, हात लागला तर धुवायचा,
त्याच हातानं डोळा चोळायचा नाही.
ग्लास आपला, टॉवेल आपला,
वाजवायचं तोंडही आपलं आपलं.
इथं मी खाली बघितलं.
शिकायला येणारी चार पोरं
माझ्याच पितळेवर फुंकतात,
शर्टाच्या टोकानं पुसून.

मग विचारलं, घरात तान्हं कोण आहे?
आहे की. लेकीची लेक, एकोणीस दिवसांची.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
तिचा मुका नाही.
खपली पडून कातडी कोरी होईस्तोवर नाही.
तुम्हाला ही आठ दिवसांची आग,
तिच्या जिवावर बेतंल.

शाळेत शिकवलं होतं, जर आला की मागनं तर येतो.
जर त्या रात्री गोळी घेतली असती.
जर सोमवारी, अंघोळीनंतर,
तिच्या टाळूला मी...
सोमवारी नव्हता. सोमवारी ओठ कोरा होता.
बोटांवर तीनदा मोजलं, तरी
रात्रभर तिचा श्वास ऐकत बसलो,
उंबऱ्याच्या अलीकडं.

लगीनसराई थांबत नाही.
ट्रम्पेट सुदीपला दिला,
तोंड नवीन, मिरजेतनं आणलेलं, त्याचं त्याला.
मला मिळाले खुळखुळे.
बावीस वर्षांचा मास्तर, टोपी घालून
मागच्या रांगेत, हातात खुळखुळे.
लोक हसले. एकानं वीस रुपये ओवाळले.

काल एक जोडी घरी आणली.
हात धुतले, कोपरापर्यंत,
आणि खाटेपासनं चार पावलांवर थांबून
एकदाच, हळू, हलवला.
तिनं मान वळवली.
माझ्याकडं नाही, भिंतीकडं.
लेक म्हणाली, आबा, अजून तिला
आवाज कुठनं येतो ते कळत नाही.