जागच्या जागी

आस्गरची सायकल कुठेच जात नाही.
चार बोल्टांनी फरशीला जखडलेली,
मागचं चाक तांब्याचं, दोन चुंबकांमध्ये अडत फिरणारं.
तरी तो रोज सकाळी टोपी खुंटीला लावून
पँटचे पाय मोज्यांत खोचतो,
जणू कोपनहेगन मागे टाकून
कुठल्यातरी मावशीकडे जेवायला निघालाय.

गेल्या हिवाळ्यापर्यंत तो बंदरावर कोळसा उतरवायचा.
आता बंदरावर बोटी कमी, माणसं जास्त.
आम्ही त्याला तासाला दीड क्रोन देतो, घाम गाळायचा.

मी नाकाला चिमटा लावते, तोंडात रबरी नळी देते.
आता बोलणं बंद.
त्याचा उच्छ्वास मागच्या पिशवीत साठत जातो,
पिशवी फुगते, गाभण मेंढीसारखी.
संध्याकाळी मी त्यातला चमचाभर काढून
काचेच्या नळीत, पाऱ्यावर, मोजत बसते.

पहिल्या आठवड्यात नाडी एकशे बासष्ट.
सहाव्या आठवड्यात, तेवढ्याच ओझ्याला, एकशे त्रेचाळीस.
कुणी शिकवलं नाही हृदयाला.
कामाला मुरलेल्या बाईसारखं
एका खेपेत जास्त उचलायला लागलं, धावपळ कमी.

आणि थांबल्यावरही तो धापत राहतो, ते मला आवडतं.
पाय थांबले, चाक थांबलं, घड्याळ मी बंद केलं,
पण छाती अजून हप्ते फेडतेय.
सुरुवातीच्या त्या दोन मिनिटांत
स्नायूंनी श्वासाची वाट न पाहता
जे उसनं उचललं होतं, ते.
शरीर कुणाचं बुडवत नाही.

मग लोण्याचे दिवस आले.
डॉक्टर ब्रोगॉर म्हणाले, तीन दिवस पाव नाही, बटाटा नाही;
फक्त लोणी, साय, डुकराची चरबी.
डबा आम्हीच भरून द्यायचा.
साखर जाळली की माणूस
जितका प्राणवायू घेतो तितकाच कर्बवायू परत करतो.
चरबी जाळली की दहा घेऊन सातच देतो.
लोणी ओल्या लाकडासारखं, जळतं खरं,
पण हवा फार मागतं.

तिसऱ्या दिवशी आस्गर दीड तास चालवेल,
मग डोळ्यांपुढे अंधारी येईल, असं कागदावर होतं.
त्याने दोन तास चालवली.
उतरला, टोपी घातली, माझ्याकडे न बघता गेला.

रात्री मी नळी पाहिली. पुन्हा पाहिली.
दहाला नऊ.
हे लोणी नव्हे. हा बटाटा आहे,
बहुधा मिठाच्या पाण्यात उकडलेला,
बहुधा बोडिलच्या ताटलीतला.
आणि लोणी बोडिलच्या पावावर,
सहा वर्षांच्या, पाय काटकीसारखे असलेल्या,
जिला तो एकदा इथे घेऊन आला होता
आणि जी विचारत होती, बाबा, ही सायकल पुढे का जात नाही?

तोंडात नळी घालून माणसाला गप्प केलं
तरी श्वास चहाडी करतो.

वहीत मी त्या दिवसापुढे लिहिलं:
पिशवीला भोक. नमुना रद्द.
मग पिशवी खरंच खाली घेतली
आणि पिनेने, शिवणीजवळ, एक भोक पाडलं,
कारण वहीत खोटं लिहिण्याची मला सवय नाही.

बाहेर पूल ओलांडताना समोरून वारा.
माझी सायकल बोल्टांची नाही, तरी जवळजवळ जागच्या जागी.
मांड्या पेटल्या. दुपारचा राय-पाव
कुठेतरी आत निमूट जळत होता,
पाचातला एक भाग पायडलला, चार नुसतीच ऊब.
त्या उबेने हातमोजे ओले झाले.

उद्या डबा पुन्हा भरायचाय.
लोणी किती, हे तराजू मी लावते.