ठ रांगेपर्यंत

आमच्या नाट्यगृहात ङ ची रांग नाही.
बांधणाऱ्यानं घ नंतर सरळ च घातला,
म्हणाला, ङ चं तिकीट मागणार कोण, आणि कसं?
तीस वर्षं मी बुकिंगच्या खिडकीत बसलो.
खरंच कुणी मागितलं नाही.

पुराचं पाणी ठ पर्यंत आलं.
कृष्णा शिरली ती विंगेतून, बिनतिकिटाची,
पुढच्या रांगा धरून बसली
आणि पाच दिवस उठली नाही.
उतरली तेव्हा पायपेटीच्या भात्यात गाळ होता
आणि पडद्याच्या मखमलीला हळदीचा वास,
कुणाचं तरी गोदाम आत येऊन गेलेलं.

इथंच बेदाण्याच्या दरावरून खुर्च्या उडाल्या होत्या.
इथंच एक नगरसेवक निवडून आला तेव्हा, आणि मेला तेव्हाही,
तेच लोक त्याच माईकवर तेच बोलले.
एका शोकसभेत चुकून पडदा पडला.
कुणीच तो वर घ्या म्हणालं नाही.

परवा सुनावणी झाली. विषय:
धोकादायक इमारत पाडून वाहनतळ.
तिकीट नव्हतं, नंबर नव्हते,
तरी माणसं आपापल्या जागी जाऊन बसली.
पारिसा चौगुले, अडते, क-११,
कारण तिथं पाय लांब करता येतो.
शहांच्या दोघी बहिणी छ मध्ये, मधली खुर्ची पिशवीला.
वर बाल्कनीत कॉलेजची पोरं,
शिट्टी दाताखाली धरून.

उपायुक्त कोपऱ्यातून बोलू लागले.
माईक पुरात गेलेला.
मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं: आवाज!

तेव्हा बाबालाल मुजावर, पडदेवाला,
विंगेतून हळूच म्हणाला,
‘साहेब, दोन पावलं पुढं. डावीकडची फळी. हां.’

त्या फळीवर कुमुदिनीबाई उभ्या राहायच्या
आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला
त्यांचा श्वास घेतलेलासुद्धा कळायचा.
लाकूड तिथं टाचेएवढं खोल झालंय.
साहेबांचा बूट बरोबर बसला.
ते म्हणाले, ‘पाडण्याचा प्रस्ताव...’

शब्द निघाला, ठ ओलांडून गेला,
बाल्कनीच्या कठड्याला लागला
आणि परत आला, पुरता,
एकही अक्षर न भिजलेला.

साहेब थांबले.
आपलाच शब्द असा समोरून चालत येताना
ऑफिसात कधी दिसत नसावा.
कागद खाली गेला.
पुढचं वाक्य ते पुटपुटले.
तेही सगळ्यांना ऐकू आलं.

निकाल राखून ठेवलाय.
पंधरा दिवस म्हणालेत, म्हणजे दोन महिने धरा.

रात्री मी घरी जुना तक्ता काढला
आणि लाल-निळी पेन्सिल:
लाल विकलेल्याला, निळी पासाला.
आलेल्यांच्या खुर्च्या लाल करत गेलो.
दोनशे चौऱ्याहत्तर.
नाटकालासुद्धा एवढी येत नव्हती अलीकडे,
हे मी सुनावणीत बोललो नाही.

ठ-७ कोरी राहिली.
तिथं गंगूताई बसायची,
मध्यंतरात शेंगा विकून
उरलेला अंक फुकट बघायची.
तिला कुठल्याच नाटकाची सुरुवात माहीत नव्हती.
पुरानंतर तिची टोपली सापडली, ज आणि झ च्या मध्ये.
मी पेन्सिल उलटी केली,
निळं टोक टेकवलं,

तेवढ्यात दार वाजलं.
बाबालाल होता.
पडद्याची दोरी कुजलीय म्हणाला,
नवी घ्यायला
साडेचारशे रुपये दे.